पाली टेक्स्ट सोसायटी : वर्गणीदारांनी उभारलेली संस्था

पाली वाङ्मयाचा अभ्यास करताना रोमन लिपीतील ज्या प्रतींचा आम्ही नित्य आधार घेतो, त्यांवर पाली टेक्स्ट सोसायटीचे नाव असते. ही संस्था कोणा राजाने स्थापिली नाही, की कोणा विद्यापीठाने चालविली नाही. ती वर्गणीदारांच्या बळावर उभी राहिली. तिच्या आरंभाचा इतिहास आम्हां बौद्धांस विचार करावयास लावणारा आहे.

संस्थापक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स हे १८६४ पासून सिलोनच्या मुलकी सेवेत होते. एका विहारासंबंधीच्या दाव्यात पाली भाषेतील लेख पुढे आला व तो वाचणारा न्यायालयात कोणीही नव्हता, असे सांगतात. या निमित्ताने ते यात्रामुल्ले या स्थविरांपाशी पाली शिकले. सेवेतून बडतर्फ होऊन इंग्लंडला परतल्यावर त्यांना दिसले की, फाउसबोल यांचे धम्मपद (१८५५) व चाइल्डर्स यांचा पाली कोश (१८७२–७५) उपलब्ध आहेत, ओल्डेनबर्ग यांचे विनयपिटक छापले जात आहे. परंतु सुत्त व अभिधम्म पिटकांचा बहुतांश भाग अद्याप ताडपत्रांतच आहे. इतके ग्रंथ छापण्याचा खर्च मोठा आणि वाचक मोजके. अशा व्यवहारात कोणता प्रकाशक पडणार?

१८८१ मध्ये लंडन येथील हिबर्ट व्याख्यानमालेत त्यांनी आपली योजना जाहीर केली. सभासदाने वर्षास एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, द्यावी आणि त्या वर्षी प्रसिद्ध होणारे ग्रंथ त्यास मिळावेत, इतकीच ती योजना होती. ग्रंथ अजून छापलेले नव्हते. वर्गणी विश्वासावर द्यावयाची होती.

हा विश्वास कोणी दाखविला? युरोपातील पंडित व ग्रंथालये पुढे आलीच. परंतु सिलोनमधील सत्तरहून अधिक भिक्खूंनीही आगाऊ वर्गणीदार म्हणून नावे नोंदविली. गॉल येथील मुदलियार गुणरत्ने यांनी तेथील काम पाहिले. या भिक्खूंच्या विहारांत सिंहली लिपीतील पोथ्या होत्याच. रोमन प्रतींवाचून त्यांचे काही अडत नव्हते. बुद्धवचन दूरच्या लोकांना वाचता यावे, याहून दुसरा हेतू आम्हांस त्यात दिसत नाही. धम्मदान याहून वेगळे ते काय?

१८८२ पासून ग्रंथ व नियतकालिक निघू लागले. फाउसबोल यांचा सुत्तनिपात, फीर यांचा संयुत्तनिकाय, ट्रेंकनर यांचा मज्झिमनिकायाचा पहिला खंड असे एकामागून एक ग्रंथ आले. १९२२ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स निवर्तले, तोवर त्रिपिटकाचा बहुतेक भाग छापून झाला होता. संस्था आजही कार्यरत आहे.

येथे आम्हांस ‘बहिष्कृत भारत’ आठवतो. ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो सुरू केला, आणि आर्थिक ओढाताणीत १९२९ मध्ये तो बंद पडला. ज्यांच्यासाठी तो निघत होता त्यांच्या घरी दोन वेळच्या अन्नाचीच भ्रांत होती. त्यांस दोष कोण देईल? परंतु ती सबब आज आपणा सर्वांस सांगता येणार नाही. विहाराच्या कमानीसाठी, जयंतीच्या मंडपासाठी आपण वर्गणी आनंदाने देतो. ती द्यावीच. मात्र ग्रंथाची वर्गणी मागावयास कोणी दारी आला, तर आपण त्यास पुढच्या महिन्यात येण्यास सांगतो.

बाबासाहेबांनी स्वतः पाली व्याकरण व कोश सिद्ध करण्याचे परिश्रम घेतले. ते हस्तलिखित महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९९८ मध्ये, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर बेचाळीस वर्षांनी, प्रकाशित झाले. ग्रंथ लिहिणारा आपल्यात होता; तो वेळीच छापून घेणारे सभासद आपण झालो नाही. सिलोनच्या त्या भिक्खूंनी न छापलेल्या ग्रंथासाठी नाव नोंदविले होते. मराठीतील पाली अध्ययनाची पुढील वाटचाल अशाच नावांच्या यादीवर अवलंबून आहे, असे आमचे नम्र मत आहे.