घाटमाथ्यावरचा ओला गारवा

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात, शिवाजीनगरला आले. तिथल्या वेधशाळेतली झडपांची पांढरी लाकडी पेटी ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना आतले दोन तापमापी आठवतील. एक साधा, कोरडा. दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि तिची वात खालच्या भांड्यातल्या पाण्यात सोडलेली. पाणी वातीतून वर चढते, चिंधीवरून उडून जाते आणि जाताना फुग्यातली उष्णता घेऊन जाते. एप्रिलच्या एखाद्या दुपारी कोरडा तापमापी ३८ अंश दाखवत असेल आणि आर्द्रता वीस टक्क्यांवर उतरली असेल, तर ओला तापमापी २१ अंशांच्या आसपास थांबतो. हा सतरा अंशांचा फरक म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्याची खरी शिल्लक. रेल्वेचा डबा असो, मेटाडोर असो की आजकालची झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्पर व्हॅन, घाटमाथ्यावर चाकांवरची जागा स्वस्तात गार करायचे बहुतेक प्रयत्न याच शिल्लकेवर झाले आहेत.

पुण्याचा उन्हाळा पूर्वीही सौम्य नव्हता. ३० एप्रिल १८९७ रोजी इथे ४३.३ अंशांची नोंद झाली आहे. त्याच्या दीडशे वर्षे आधी, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले गेले. जमिनीखालची बांधीव वाट, मधे मधे हवेसाठी ठेवलेले उच्छ्वास, आणि पुढे पेठांतले नि वाड्यांतले हौद. वाड्यांच्या जाड भिंती ऊन अडवत, चौक रात्री तापलेली हवा वर सोडून देई, आणि कारंज्याचे पाणी आजूबाजूची हवा थोडी तरी उतरवी. वाळ्याचे पडदे तर त्याहून जुने. अकबराच्या दरबारातल्या वाळ्याच्या भिंतींबद्दल आणि सोऱ्याने पाणी गार करण्याबद्दल अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे.

पेशवाई गेल्यावर आलेल्या राज्यकर्त्यांचा पहिला उपाय मुक्काम हलवण्याचा होता. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात गणेशखिंडीला राही. आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तेच त्याचे निवासस्थान. ज्यांना असे हलता येत नसे ते साहेब दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि बाहेर एक माणूस दिवसभर त्यांवर पाणी मारत राही. वारा पडला की ताटी नुसती ओली राहते, गार करत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात ‘थर्मँटिडोट’ नावाचा अवजड लाकडी डबा आला. आत मोठा पंखा, बाजूंना ओला वाळा, आणि पंख्याचा दांडा फिरवायला पुन्हा एक माणूस. आजच्या पत्र्याच्या कूलरचा हा सख्खा आजोबा. फक्त विजेच्या मोटरीचे काम तेव्हा एखाद्याच्या दंडात होते, आणि त्या दंडाला स्वतःला गारवा मिळत नव्हता. या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सतत डोकावत राहते.

रेल्वे आली आणि हे तंत्र चाकांवर चढले. खंडाळा ते पुणे ही लाइन १४ जून १८५८ रोजी सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. तापलेल्या लोखंडी-लाकडी डब्यात बसून दख्खनचे पठार ओलांडणे म्हणजे भाजून निघणे होते. ही लाइन चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८७२ मध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांसाठी ‘सॉन्डर्स पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी, हवा थंड करणारी रचना वापरली. वाळा तर त्या काळच्या डब्यांत वेगवेगळ्या रूपांत दिसे. खिडकीत वाळ्याचे गोल चाक, त्याचा खालचा भाग पाण्याच्या पन्हळीत बुडालेला. प्रवाशाने दांडा फिरवला की ओला भाग वर येई आणि गाडीच्या वेगाने आत घुसणारी हवा त्यातून गाळून, वास घेऊन, गार होऊन येई. वारा पडण्याची अडचण इथे नव्हतीच. गाडी स्वतःच वारा निर्माण करत होती. चालत्या वाहनात हवा थंड करण्याचा याहून नेटका विचार सापडणे अवघड आहे.

मागच्या डब्यांत मात्र तिसरा वर्ग होता. तिथे गारवा ज्याचा त्याने न्यायचा. फिरकीचा तांब्या, ओला पंचा, आणि पुढे छागल. जाड कॅनव्हासची ही पिशवी पाण्याने भरून खिडकीच्या गजाला बाहेरून टांगत. कापडाच्या विणीतून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने उडते, आणि तासाभरात आतले पाणी माठातल्यासारखे होते. नवीन छागल सुरुवातीला भरपूर गळे. एकदा धागे फुगून बसले की गळती थांबे आणि नुसता ओलसरपणा उरे. हीच छागल पुढे जीपच्या आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला लटकताना दिसू लागली. वेधशाळेतला ओला तापमापी आणि बंपरवरची छागल एकाच नियमाने चालतात.

एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषते. विजेच्या हिशेबात ती पाऊण युनिटच्या जरा खाली भरते. तेवढाच बर्फ वितळताना जेमतेम ३३४ किलोज्यूल घेतो. तरीही बर्फाचा मोह जुना आहे. १९३४ मध्ये मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्राँटियर मेलला वातानुकूलित डबा लागला, तेव्हा त्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या भरत आणि ठरलेल्या स्टेशनांवर नव्या लाद्या चढवत. आज थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि वर छोटा पंखा असा घरगुती एसी अनेक जण गाडीत ठेवतात. दहा किलोच्या लादीतून मिळणारा एकूण गारवा एक टनाचा एसी सोळा मिनिटांत देतो. फ्राँटियर मेलला वाटेत बर्फ चढवावा लागे तो याच कारणाने, आणि थर्माकोलचा खोका पुण्याहून निघून भिगवणच्या आतच कोमट होतो तोही याच कारणाने.

रस्त्यावरच्या पुण्याची गोष्ट आकुर्डीशी जोडलेली आहे. तिथल्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून तीनचाकी टेम्पो बनवले, १९६९ मध्ये मेटाडोर आणली आणि १९८७ मध्ये ट्रॅव्हलर. महाराष्ट्रातल्या किती कुटुंबांनी अष्टविनायक आणि पंढरपूर मेटाडोरमधून पाहिले याला गणती नाही. पत्र्याचे छत, सरकत्या काचा, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी तापलेले इंजिन. उपाय ठरलेले: पहाटे निघायचे, दुपारी झाडाखाली थांबायचे, खिडकीला ओली चादर लावायची. त्याच वेळी हडपसरला, १९५८ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक शीतकरणाचे कॉम्प्रेसर बनवत होती. ते शीतगृहांना आणि कारखान्यांना जात. यांत्रिक गारवा शहरातच घडत होता, पण मेटाडोरच्या भाड्यात तो बसणारा नव्हता.

आज भारतात बनणाऱ्या कितीतरी कॅम्पर व्हॅन याच ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर उभ्या राहतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर या हौसेला सरकारी मान्यताही मिळाली. थांबलेल्या गाडीत एसी चालवायचा तर प्रश्न बॅटरीचा येतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून, ती खराब न करता, फार तर सहाशे वॉट-अवर काढता येतात. हजार वॉट ओढणारा एसी त्यावर अर्धा-पाऊण तास टिकतो. पन्नास वॉटचा पंखा आणि छोटा पंप मात्र रात्रभर फिरतो. त्यामुळे खर्च जपणारा माणूस फिरून फिरून ओल्या वाळ्याकडेच येतो. सामान जमवणे पुण्यात कठीण नाही. १२ व्होल्टचा पंखा आणि पंप तपकीर गल्लीत, जाळी-पत्रा-स्क्रू बोहरी आळीत, जुनी मोटर किंवा रेडिएटरचा पंखा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात.

असा कूलर गाडीत बसवताना सगळ्यात जास्त चुकते ते खिडकीचे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून माणूस सगळ्या काचा लावून घेतो, आणि अर्ध्या तासात गादी-उशी दमट होते. कूलरने हवा बाहेरून घ्यायला हवी आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी हवी, तरच ओली हवा निघून जाते. त्याआधी छताची सोय करायची. वर पांढरा रंग, आत पत्र्याला चिकटवलेला फोम, काचांना चमकदार पडदे. ऊन आत आलेच नाही तर ते बाहेर काढायचा खर्चही नाही. वाड्याच्या जाड भिंतीने हेच केले होते. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या तापमानातल्या फरकाचा ऐंशी टक्के भाग कमावतो. ३८ अंशांच्या दुपारी आत येणारी हवा पंचविसाच्या आसपास मिळते, तीही काही लिटर पाण्याच्या आणि दोन दिव्यांएवढ्या विजेच्या बदल्यात.

हा हिशेब घाटावरचा. हीच गाडी वरंध घाटातून महाडला उतरवली की तो मोडतो. तळकोकणात हवा ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ओला तापमापी सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली जात नाही. तिथे कूलर चार अंश देतो आणि वर चिकचिकाट. जून लागला की पुण्यातही तेच होते. म्हणून सोलापूर, पंढरपूर, नगर या वाटांवर कूलर उत्तम, आणि दापोली-गुहागरला नुसता पंखा, उघड्या खिडक्या आणि समुद्राचा वारा. एकच यंत्र सगळीकडे चालेल असे ज्यांना वाटते त्यांनी आधी आर्द्रतेचा आकडा पाहावा.

या रस्त्यांवर सर्वात जास्त तास जे काढतात त्यांच्यापर्यंत गारवा सर्वात उशिरा पोहोचला. मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक करणारा केंद्र सरकारचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांना लागू झाला. जीआयपीच्या पहिल्या वर्गानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. त्या तारखेआधी बनलेल्या ट्रकांना हा नियम लागू नाही. असे ट्रक अजून बरीच वर्षे सोलापूर रोडवर धावतील. डॅशबोर्डवरचा २४ व्होल्टचा पंखा, खिडकीत ओला टॉवेल आणि मानेवर भिजवलेला गमछा, एवढ्या बळावर त्यांचे चालक दुपारी माल पोहोचवतात. ज्या कोरड्या हवेवर कॅम्पर व्हॅनचा कूलर इतका चांगला चालतो, तीच हवा त्यांच्याही केबिनमध्ये आहे. तपकीर गल्लीतला पंप आणि वाळ्याची जाळी बसवायला मालकाने एकदा खिशात हात घालायचा एवढेच बाकी आहे.