श्योन प्रकरण

श्योन प्रकरण हे भौतिकशास्त्राच्या इतिहासातील वैज्ञानिक गैरवर्तनाचे एक बहुचर्चित प्रकरण आहे. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतील जर्मन भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक श्योन यांच्या अनेक शोधनिबंधांतील विदा बनावट असल्याचे २००२ मध्ये झालेल्या चौकशीत आढळले.

पार्श्वभूमी

श्योन यांचा जन्म १९७० मध्ये झाला. १९९७ मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यानंतर ते बेल लॅब्जमध्ये दाखल झाले. सेंद्रिय पदार्थ व फुलरीन यांच्या स्फटिकांवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन विद्युतक्षेत्र लावल्यास त्यांत अतिसंवाहकता निर्माण करता येते, असा त्यांचा दावा होता. २००१ मध्ये त्यांनी ११७ केल्व्हिन तापमानाला फुलरीनमध्ये अतिसंवाहकता आढळल्याचे आणि एका रेणूइतक्या जाडीच्या थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे जाहीर केले. त्या वर्षी सरासरी दर आठ दिवसांना एका शोधनिबंधावर त्यांचे नाव होते. मात्र इतर प्रयोगशाळांना बराच वेळ व पैसा खर्चूनही हे निष्कर्ष पुन्हा मिळवता आले नाहीत.

संशय

प्रत्येक मोजमापात काही अनियमित, सूक्ष्म चढउतार असतात. दोन स्वतंत्र प्रयोगांत ते तंतोतंत सारखे येणे जवळजवळ अशक्य असते. २००२ मध्ये लिडिया सोन, पॉल मॅकुएन व इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की, श्योन यांच्या वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत हे चढउतार हुबेहूब सारखे आहेत. चुकून एकच आलेख दोनदा पाठवला गेला, असा खुलासा श्योन यांनी केला. परंतु अशी आणखी उदाहरणे उघडकीस आली.

चौकशी

मे २००२ मध्ये बेल लॅब्जने स्टॅनफर्ड विद्यापीठाचे माल्कम बीझली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. श्योन यांनी प्रयोगांच्या नोंदवह्या ठेवलेल्या नव्हत्या. संगणकात जागा अपुरी असल्याने मूळ विदा पुसून टाकल्याचे त्यांनी सांगितले. नमुनेही टाकून दिलेले किंवा खराब झालेले होते. काही आलेख मोजमापांऐवजी गणिती सूत्रांवरून काढलेले असल्याचे समितीला आढळले. सप्टेंबर २००२ मधील अहवालात २४ पैकी १६ आरोपांत गैरवर्तन सिद्ध झाल्याचे नमूद करण्यात आले. सहलेखकांना गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त करण्यात आले. श्योन यांनी चुका मान्य केल्या, परंतु आपण वर्णिलेले परिणाम प्रत्यक्ष पाहिले होते, ही भूमिका सोडली नाही. बेल लॅब्जने त्यांना बडतर्फ केले.

परिणाम

सायन्सने आठ आणि नेचरने सात शोधनिबंध मागे घेतले. कोन्स्टान्झ विद्यापीठाने २००४ मध्ये श्योन यांची डॉक्टरेट रद्द केली. प्रबंधात गैरप्रकार आढळला नसतानाही ही कारवाई झाल्याने वाद न्यायालयात गेला. अखेर विद्यापीठाचा निर्णय कायम राहिला.

या प्रकरणामुळे तज्ज्ञ परीक्षणाची मर्यादा स्पष्ट झाली. परीक्षक शोधनिबंधातील युक्तिवाद तपासतात. मूळ मोजमापे सहसा त्यांच्यासमोर नसतात. ती पाहण्याची संधी सहलेखकांना असते. त्यामुळे श्रेय घेणाऱ्या सहलेखकांची जबाबदारी कोठपर्यंत, हा प्रश्न चर्चेत आला. अमेरिकन फिजिकल सोसायटीने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या आचारसंहितेत सहलेखकांच्या जबाबदारीविषयी सुधारणा केली.