न्यूट्रॉनचा झोत आणि तुर्भ्याचे शास्त्रज्ञ

वर्धा जिल्ह्यांतील वडनेरचा शेतकरी कपाशीच्या काळ्या जमिनीची ओल अजमावतो ती मूठभर माती हातांत दाबून. परंतु मूठ सांगते ती वरच्या थराची गोष्ट. हातभर खालीं, जेथें मुळें पाणी शोधीत असतात, तेथील स्थिति कळण्यास खणावें लागतें. आणि खणलें कीं ती जागा पहिल्यासारखी राहत नाहीं. न फोडतां, न खणतां वस्तूच्या अंतरंगांत डोकावावें, ही मनुष्याची जुनी इच्छा आहे. ती पुरविणाऱ्या साधनांपैकीं न्यूट्रॉनचा झोत हें एक होय. आणि त्याच्या इतिहासांत भारतीय शास्त्रज्ञांचा वांटा मोलाचा आहे.

सन १९३२ मध्यें इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स चॅडविक यांनीं केंब्रिज येथें न्यूट्रॉन शोधून काढला. त्याबद्दल १९३५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. अणूच्या गाभ्यांतील हा कण विद्युद्भाररहित असल्यामुळें अणूभोंवतालचे इलेक्ट्रॉन त्यास अडवूं शकत नाहींत. क्ष-किरणांना शिसें थोपवून धरतें. न्यूट्रॉन मात्र शिशांतून बराच खोल जातो, आणि अडखळतो तो पाणी, तेल, लाकूड अशा हायड्रोजनयुक्त पदार्थांत. असें कां व्हावें? गोट्या खेळणाऱ्या मुलास याचें कारण ठाऊक असतें. गोटी भिंतीवर आपटली तर वेगानें परतते. बरोबरीच्या गोटीवर नेमकी आदळली तर जागींच थबकते. हायड्रोजनचा गाभा जवळजवळ न्यूट्रॉनच्याच वजनाचा आहे. जमिनींत नळी पुरून तींत न्यूट्रॉन सोडणारें उपकरण उतरविलें, तर मंदावून परतणाऱ्या न्यूट्रॉनांच्या संख्येवरून त्या थरांतील ओलीचें मान निघतें, तें याच तत्त्वावर. मात्र काळ्या चिकण मातींत हें मोजमाप करावयाचें तर उपकरण आधीं त्याच मातीवर ताडून घ्यावें लागतें.

ओल मोजण्यास लहानसा उद्गम पुरतो. पदार्थाची रचना पाहण्यास मात्र प्रबळ झोत हवा, व त्यासाठीं अणुभट्टी हवी. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील तुर्भे, ज्यास ट्रॉम्बे म्हणतात, तेथें डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालीं ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ कार्यान्वित झाली. तिचें इंधन इंग्लंडहून आलें होतें. १९६० च्या जुलै महिन्यांत कॅनडाच्या साहाय्यानें ४० मेगावॅटची ‘सायरस’ सुरू झाली. झोत मिळाला, परंतु नुसता झोत म्हणजे दृष्टि नव्हे. तो पदार्थावर पडून कोणीकडे वळला, त्याचा वेग किती बदलला, हें टिपणारें उपकरण हवें.

मंद न्यूट्रॉन तरंगाप्रमाणें वागतो, आणि त्या तरंगाची लांबी स्फटिकांतील अणूंच्या परस्पर अंतराएवढी असते. म्हणूनच अणू कोठें बसले आहेत व ते कसे कंप पावतात, हें दोन्ही त्यावरून कळतें. या विद्येंत कॅनडांतील चॉक रिव्हर येथील बर्ट्राम ब्रॉकहाउस अग्रेसर होते. तुर्भ्याचे तरुण शास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार त्यांजकडे गेले, आणि जर्मेनियमच्या स्फटिकांतील कंपनांविषयीं दोघांचा निबंध १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. परत आल्यावर अय्यंगार व त्यांचे सहकारी यांनीं अशीं उपकरणें तुर्भ्यासच घडविलीं. त्याच दशकाच्या पुढील दशकांत तुर्भ्याचें एक उपकरण व तें चालविण्याची विद्या फिलिपाइन्सला गेली. शिकावयास गेलेले आतां शिकवूं लागले. ब्रॉकहाउस यांस अमेरिकेच्या क्लिफर्ड शल यांजबरोबर १९९४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

याच झोतानें लपलेल्या वस्तूही हुडकतां येतात. तमिळनाडूंतील कल्पक्कम येथील लहानशी ‘कामिनी’ भट्टी १९९६ सालीं सुरू झाली. अंतराळयानांतील स्फोटक सामग्री धातूच्या आवरणांत नीट भरली आहे कीं नाहीं, हें आवरण न उघडतां तेथें तपासलें गेलें आहे. बंद पेटींतील स्फोटकांचा शोधही असाच होतो: नायट्रोजन न्यूट्रॉन शोषून विशिष्ट शक्तीचे गॅमा किरण सोडतो. परंतु नायट्रोजन खतांतही असतो. म्हणून कार्बन व ऑक्सिजन यांच्याशीं त्याचें प्रमाण पडताळावें लागतें. शिवाय हा झोत शरीरास अपायकारक आहे, आणि कांहीं पदार्थ त्यानें स्वतःच किरणोत्सर्गी बनतात. पाण्याच्या वा काँक्रीटच्या आडोशावांचून त्याच्याशीं व्यवहार करतां येत नाहीं.

जुनी अप्सरा २००९ सालीं व सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. अप्सरेचा नवा अवतार २०१८ मध्यें सुरू झाला. भारतीयांनींच आंखलेली व बांधलेली १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ भट्टी ८ ऑगस्ट १९८५ पासूनची. तिच्या झोतांवर देशांतील विद्यापीठांच्या संशोधकांनाही काम करतां येतें. पहिलें इंधन परक्याचें होतें, दुसरी भट्टी परक्याच्या साह्याची होती. पण पाहण्याचें उपकरण आपल्या हातानें घडविण्याचा आग्रह पहिल्या पिढीनें धरला. उपकरण विकत आणणाऱ्यास तें बिघडलें म्हणजे पुन्हा दुसऱ्याचें दार ठोठवावें लागतें. ज्यानें तें घडविलें, तो तें दुरुस्त करतो, सुधारतो आणि शेजाऱ्यासही शिकवितो.