छंद म्हणून सुतारकाम : लाकूड, ओलावा आणि ऋतुमान

पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात तेच दार सैल होते, हा अनुभव भारतातील बहुतेक घरांत नित्याचा आहे. घरी छंद म्हणून सुतारकाम शिकू पाहणाऱ्यासाठी या विषयाचा पहिला धडा येथेच आहे. करवत सरळ चालविणे आणि सांधा नेमका बसविणे सरावाने साध्य होते. परंतु लाकूड ऋतूनुसार रुंदीत कमी-अधिक होते, हे ध्यानात न घेता केलेली वस्तू कारागिरी उत्तम असूनही वर्षभरात तडकू शकते.

हाताने लाकूडकाम करण्याला शिक्षणात जुने स्थान आहे. स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमन यांनी १८७० च्या दशकात शिक्षकांना लाकूडकामातून अध्यापन शिकविण्यास प्रारंभ केला. ही पद्धत ‘स्लॉइड’ या नावाने अनेक देशांत पोहोचली. भारतात १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने सुचविलेल्या मूलोद्योगांत कताई-विणकाम व शेतीसोबत सुतारकामाचाही समावेश होता. आज सदनिकेच्या सज्जात चौरंग किंवा पुस्तकांची मांडणी तयार करणारा हौशी कारागीर पोटापाण्यासाठी हे काम करीत नसला, तरी लाकडाचे नियम त्याच्यासाठी वेगळे नसतात.

लाकूड का हलते

ताज्या तोडलेल्या लाकडात पुष्कळ पाणी असते. प्रथम पेशींच्या पोकळीतील पाणी निघून जाते. त्यामुळे वजन घटते, आकार मात्र बदलत नाही. ओलावा सुमारे २५ ते ३० टक्क्यांच्या खाली गेला, की पेशींच्या भित्तिकांतील पाणी कमी होऊ लागते आणि लाकूड आकसते. त्यानंतरही ते आजूबाजूच्या हवेशी देवाणघेवाण करीत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असताना लाकडातील ओलावा साधारणपणे ७ ते ८ टक्क्यांवर स्थिरावतो; आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली, की तो १५ ते १६ टक्क्यांपर्यंत चढतो.

हा बदल सर्व दिशांनी सारखा नसतो. लांबीत तो नगण्य असतो. वार्षिक वलयांच्या आडव्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने तो मध्यम असतो. वलयांना समांतर अशा दिशेने त्याच्या जवळपास दुप्पट असतो. फळीच्या टोकाकडे पाहिल्यास ही वलये दिसतात. वलये फळीच्या रुंदीला समांतर पसरलेली असतील, तर ती फळी अधिक हलते. ती उभी असतील, तर कमी हलते. सागवान हे तुलनेने स्थिर लाकूड. तरीही आडव्या वलयांच्या ३०० मिलिमीटर रुंद सागवानी फळीच्या ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडल्यास तिची रुंदी सुमारे ३ मिलिमीटरने बदलते. उभ्या वलयांच्या फळीत हा बदल २ मिलिमीटरच्या आत राहतो.

देशाचे चार विभाग

लाकडातील ओलाव्यासंबंधीचे ‘आयएस २८७’ हे भारतीय मानक वार्षिक सरासरी आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग करते : ४० टक्क्यांहून कमी, ४० ते ५०, ५० ते ६७ आणि ६७ टक्क्यांहून अधिक. कोरड्या विभागात फर्निचरसाठी वापरायचे लाकूड अधिक सुके असावे लागते. दमट विभागात थोडा अधिक ओलावा चालतो. मुंबई आणि कोकण-गोव्याची किनारपट्टी सर्वाधिक दमट विभागात मोडते.

बदलीच्या नोकरीमुळे प्रांतोप्रांती राहणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती विशेष उपयुक्त आहे. ऐन पावसाळ्यात मुंबईत केलेला मेज जयपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात गेला, की त्याची फळी आकसते. तिला आकसण्यास जागा ठेवली नसेल, तर ती सांध्यातून उकलते किंवा मधोमध तडकते. उलट, कोरड्या हवेत घट्ट बसविलेला खण किनारपट्टीवर उघडेनासा होतो.

लाकडाची निवड

सागवानाच्या मध्यकाष्ठात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असल्याने वाळवीस ते चांगला प्रतिकार करते. मात्र त्यात सिलिकेचे कण असल्याने हत्यारांची धार लवकर जाते. शिसव जड, कठीण व देखणे असते. नवशिक्याला ते दमविते. आंब्याचे लाकूड स्वस्त व कामास सोपे असले, तरी त्याला भुंगेरे लवकर लागतात. त्यामुळे ते प्रक्रिया केलेले असावे. पाइन हलके व मऊ असल्याने सरावासाठी सोयीचे आहे.

वखारीत लाकूड घनफुटाने विकले जाते. १ फूट रुंद, १ इंच जाड व ६ फूट लांब फळी म्हणजे अर्धा घनफूट. फळीच्या एका टोकाला डोळा लावून ती पिळलेली वा वाकलेली नाही, हे पाहूनच ती घ्यावी. पाडलेल्या जुन्या घरांतील लाकूड बहुधा उत्तम मुरलेले असते. पण त्यात तुटलेले खिळे लपलेले असतात. करवत लावण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवावे. मालवाहू खोक्यांचे पाइन वापरायचे झाल्यास त्यावरील शिक्का पाहावा : ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, तर ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसरे लाकूड घरात आणू नये. गावाकडील शेतातील सागवान वापरू इच्छिणाऱ्यांनी आधी नियम पाहावेत. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरील सागवान तोडण्यासही परवानगी लागते.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटविलेले असल्याने ते ऋतूनुसार फारसे हलत नाही. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी ‘आयएस ३०३’ आणि मरीन प्लायवूडसाठी ‘आयएस ७१०’ ही मानके आहेत. रुंद, अखंड पृष्ठभाग हवा असेल, तर नवशिक्याने प्लायवूड निवडणे शहाणपणाचे ठरते.

ओलावा मोजण्याची घरगुती रीत

ओलावा दाखविणारे विजेचे छोटे मापक बाजारात मिळते. ते नसल्यास स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरतो. फळीच्या मध्यभागातून (टोकाचा भाग आधीच अधिक सुकलेला असतो) एक लहान तुकडा कापून त्याचे वजन करावे. मग तो ओव्हनमध्ये सुमारे १०३ अंश सेल्सिअसवर, लक्ष ठेवून, वजन घटणे थांबेपर्यंत सुकवावा. दोन्ही वजनांतील फरकाला सुक्या वजनाने भागून १०० ने गुणले, की ओलाव्याची टक्केवारी मिळते. ११५ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर थांबला, तर ओलावा १५ टक्के होता.

याहून सोपी रीत म्हणजे फळ्या घरातच सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या रिपा ठेवून रचाव्यात आणि एका फळीचे दर आठवड्यास वजन करावे. वजन स्थिर झाले, की लाकूड त्या घराच्या हवेशी जुळले. वस्तू ज्या खोलीत राहणार, त्याच खोलीत हे करणे उत्तम.

मोजकी हत्यारे

आरंभी करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या, लाकडी मोगरी, गुण्या, मोजपट्टी, ड्रिल आणि चार क्लॅम्प पुरेसे होतात. विजेची यंत्रे नंतर घेता येतात. सदनिकेत शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही हेच सोयीचे. हत्यारांच्या किमतीपेक्षा त्यांच्या धारेला अधिक महत्त्व आहे. पटाशीचे पाते साधारण २५ अंशांत घासून तिची अगदी टोकाची कड ३० अंशांत धारेच्या दगडावर लावतात. फळीच्या टोकाकडील आडवे तंतू न चुरडता गुळगुळीत कापले गेले, तर धार योग्य आहे. बोथट पटाशीला अधिक जोर द्यावा लागतो आणि ती निसटण्याचा धोका वाढतो. म्हणून धार लावणे हा सुरक्षिततेचाही भाग ठरतो.

पाटाचे उदाहरण

जेवणाचा किंवा पूजेचा पाट ही साधी वाटणारी वस्तू लाकडाचा स्वभाव नेमका शिकविते. वरच्या फळीचे तंतू एका दिशेने जातात आणि तळाच्या दोन पट्ट्या त्यांना आडव्या बसतात. फळी रुंदीत फुगते व आकसते; पट्ट्यांची लांबी मात्र बदलत नाही. पट्ट्या दोन्ही टोकांना सरस व स्क्रूने पक्क्या जखडल्या, तर कोरड्या ऋतूत फळीला आकसता येत नाही आणि ती तडकते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पट्टीचा मधला स्क्रू घट्ट बसवावा. टोकांकडील स्क्रूंसाठी पट्टीत तिच्या लांबीच्या दिशेने लांबट भोके करावीत. ३०० मिलिमीटर रुंद पाटासाठी ४ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला ८ मिलिमीटर लांबीचे भोक पुरते. सरस लावायचाच असेल, तर तो मध्यभागीच लावावा. अशा रीतीने फळी दोन्ही बाजूंना समान सरकते आणि पट्ट्या तिला वाकू देत नाहीत. पॅनेलच्या दारांतही हेच तत्त्व असते : चौकटीचे सांधे खाचेत कुसू बसवून पक्के केलेले असतात, पण मधली फळी खोबणीत सरस न लावता मोकळी ठेवलेली असते.

पॉलिश

पॉलिश करण्यापूर्वी पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२० अशा क्रमाने, तंतूंच्या दिशेने फिरवावा. स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडी लाख हे घरी करण्याजोगे जुने व भरवशाचे पॉलिश आहे. लाख हा कीटकाचा स्राव असून झारखंड हे तिच्या उत्पादनातील अग्रेसर राज्य आहे. लाखेवर सांडलेले पाणी किंवा गरम भांडे पांढरा डाग पाडते, म्हणून जेवणाच्या मेजासाठी अन्य लेप निवडावा. कोणताही लेप ओलाव्याची ये-जा मंद करतो, थांबवीत नाही. वरच्या बाजूला तीन हात व खालची बाजू कोरडी ठेवल्यास दोन्ही बाजू असमान वेगाने ओलावा घेतात आणि फळी पन्हळीसारखी वाकते. म्हणून तळालाही तेवढेच हात द्यावेत.

सुरक्षितता

लाकडाचा बारीक भुसा केवळ त्रासदायक नसून घातक आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात समावेश केला. नाकातील कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झाला आहे. घासकाम करताना ‘एन ९५’ दर्जाचा मुखपट्टा वापरावा. काम शक्यतो उघड्यावर करावे आणि भुसा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपावा.

जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून टाकल्यास ती तेल सुकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवावीत. पटाशी चालविताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, सैल बाह्या व ओढणी टाळावी. डोळ्यांवर चष्मा असावा.

तयार झालेल्या पहिल्या पाटाच्या तळाशी तारीख आणि त्या दिवशीची नेमकी रुंदी लिहून ठेवण्याची सवय उपयोगी पडते. त्याच मोजपट्टीने मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये रुंदी मोजली, की आपल्या गावच्या हवेत, आपल्या घरात, ते लाकूड किती हलते याचा आकडा हाती येतो. पुढच्या मेजात किंवा कपाटात किती जागा सोडायची, हे त्यावरून ठरविता येते.