लातूरचे रांजण, आफ्रिकेचा ताप आणि पिवळे कार्ड

१२ एप्रिल २०१६. पहाटेच्या अंधारात लातूर स्थानकात एक मालगाडी शिरली. मिरजेहून निघालेल्या तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मांजरा धरण आटले होते, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती आणि मिळेल ते पाणी घरोघरी पिंपांत, हौदांत, रांजणांत साठवले जात होते.

त्याच सुमारास आफ्रिकेतील अंगोला देशात पीतज्वराची, म्हणजेच यलो फीवरची, मोठी साथ चालू होती. तेथे कामाला गेलेले चिनी नागरिक मायदेशी परतले आणि त्यांच्यापैकी ११ जणांना हा ताप असल्याचे निष्पन्न झाले. बहुतेकांना वेळेत लस मिळालेली नव्हती. आशिया खंडात पीतज्वराचे रुग्ण सापडण्याची ही पहिलीच नोंद.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काय? संबंध आहे तो एका डासाचा.

पीतज्वराचा विषाणू शहरांत पसरवणारा एडिस इजिप्ती हाच आपल्याकडे डेंग्यू पसरवतो. तो घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणजे टंचाईने गांजलेल्या लातुरात, नांदेडात किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात डास तयार आहे, पाणी तयार आहे, आणि या तापाविरुद्ध प्रतिकारशक्ती जवळजवळ कोणातही नाही. उणीव आहे ती केवळ विषाणूची. तो आजवर भारतात शिरलेला नाही.

ही भीती नवी नव्हे. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला. पण त्याआधीच हिंदुस्थान सरकारला चिंता लागली होती की अमेरिका खंडातून आशियाकडे जहाजे थेट येऊ लागली की हा तापही येईल. भारतीय वैद्यकीय सेवेतील मेजर एस. पी. जेम्स यांना त्याचा अभ्यास करण्यासाठी मुद्दाम परदेशी पाठवण्यात आले. पुढे विमाने आली. जहाजाच्या दीर्घ प्रवासात रोगी वाटेतच ओळखू येई. विमानातून मात्र तो लक्षणे दिसण्यापूर्वीच उतरू शकतो. त्यामुळे प्रवाशाला निघण्यापूर्वीच लस टोचणे हाच उपाय उरला.

ती लस १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रतिष्ठानात मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तिचे नाव १७डी. थायलरना १९५१ चे नोबेल मिळाले. परंतु मधल्या काळात जे घडले ते विसरून चालत नाही. १९४२ मध्ये ही लस घेतलेल्या अमेरिकी सैनिकांत काविळीची प्रचंड लाट उसळली. सुमारे ५०,००० सैनिक आजारी पडले. दोष मूळ लसीचा नव्हता. लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळला जाई, आणि काही रक्तदात्यांच्या रक्तात काविळीचा विषाणू होता. कारण उमगताच रक्तद्रव वगळण्यात आला आणि लस रक्तद्रवाविनाच बनू लागली.

महाराष्ट्राला असा प्रसंग अनोळखी नव्हता. मुंबईत प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या एका बाटलीतील लस टोचल्यावर ३० ऑक्टोबर १९०२ नंतरच्या दिवसांत पंजाबातील मुल्कोवाल गावी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला, पद गेले. पुढे पुराव्यांचा रोख बूच उघडताना जमिनीवर पडलेल्या आणि नीट निर्जंतुक न झालेल्या चिमट्याकडे वळला. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहिले, तेव्हा कोठे त्यांची निर्दोषता मान्य झाली. पाच वर्षांचा हा विलंब अन्यायच म्हणावा लागेल. त्याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

आजही पीतज्वराची लस सर्वांसाठी नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, प्रतिकारशक्ती खालावलेले आणि नऊ महिन्यांखालील बालके यांना ती एरवी देत नाहीत. साठीपुढच्यांना दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांचा धोका अधिक असल्याने आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

भारताचा नियम मात्र कडक आहे. बाधित देशातून सहा दिवसांच्या आत येथे उतरणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळे कार्ड, नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. केनिया आणि युगांडा हे देश या यादीत आहेत, आणि तेथे शीख कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांच्यापैकी कोणी नांदेडच्या हुजूर साहिबला माथा टेकायला निघाले, तरी ही अट चुकत नाही. लातूरचा अभियंता नैरोबीहून सुटीवर परतला तरीही नाही. प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते. आदल्या रात्री टोचून घेतलेल्या लसीचा विमानतळावर काही उपयोग नाही.

पूर्वी हे कार्ड दर दहा वर्षांनी नवे करावे लागे. ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेल्या लसीचे प्रमाणपत्र आजन्म वैध ठरले. लातूरला पाण्याची गाडी आली, त्याला तेव्हा तीन महिने होत आले होते.