नागपुरातली आग : एक भुकटी, एक बाबा आणि आमची आजी

डिसेंबर आला की विधानभवन गजबजतं आणि मला हमखास आमची आजी आठवते. का, ते सांगतो.

१९८४ ची गोष्ट. महालात आमच्या वाड्याजवळ एक परका माणूस येऊन राहिला. बोलणं असं गोड की विचारू नका! आठवड्याभरात त्याला प्रत्येकाचं दुखणंखुपणं पाठ झालं. मग एका संध्याकाळी त्याने होम मांडला. काडी ओढली नाही, नुसतं तूप सोडलं आणि मंत्र म्हणत बसला. थोड्या वेळाने कुंडातून भपकन ज्वाळा! सगळ्यांनी लोटांगण घातलं. महिन्याभरात बाबा गायब. सोबत आजीच्या पाटल्याही.

ते तूप नव्हतंच. ते ग्लिसरीन होतं आणि कुंडात आधीच पोटॅशियम परमँगनेट टाकलेलं होतं. दोन्ही एकत्र आले की काही सेकंदांनी आपोआप पेट घेतात. मंत्र तेवढा वेळ काढायलाच असतो.

गंमत म्हणजे ही जांभळी भुकटी आपल्या लोकांना नवी नव्हती. १८९० च्या दशकात आग्र्याला असलेले अर्नेस्ट हॅन्किन यांनी पटकी रोखायला हीच भुकटी विहिरीत टाकण्याचा प्रचार केला. आमच्याही विहिरीत ती पडायची, "लाल औषध" म्हणून. विहिरीत पडली तर औषध, होमात पडली तर चमत्कार!

अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये आपल्या नागपुरातच सुरू झाली. पुढे एका कार्यकर्त्याने आमच्या शाळेत हाच प्रयोग करून दाखवला. जास्वंद चोळलेल्या सुरीने लिंबू कापून "रक्त"ही काढलं. मी आजीला मुद्दाम घेऊन गेलो होतो. घरी येताना ती म्हणाली, "आग समजली रे बाप्पा. पण थो माह्या गुडघ्याचं रोज इचारे. तुमच्यापैकी कोण इचारे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात, इथे नागपूरच्या अधिवेशनात, जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळले तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. जरूर करा, लाजू नका.

पण कायदा बाबाला पकडेल, आजीचा गुडघा विचारणार नाही. ते काम आपलं आहे. रसायन शेवटी कामी येतं. त्याआधी माणूस एकटा पडलेला असावा लागतो.

आज घरी गेल्यावर तेवढं विचारा.