नवसागर, कथील आणि जुन्या गाडीचे रेडिएटर

आपल्या समाजाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण किल्ले, दर्गे आणि दरबार यांच्याकडे वळतो. धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) तर परंडा आणि नळदुर्ग हाताशीच आहेत. पण गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलेले जुन्या पिकअप ट्रकचे पितळी रेडिएटर हाही इतिहासाचाच कागद आहे, आणि तो वाचू शकणारे उस्ताद आता थोडेच उरले आहेत.

या भागात मोटारीला महत्त्व आले त्याला कारण आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली, पण ती येडशीवरून गेली. उस्मानाबाद शहर बाजूलाच राहिले; त्याला रेल्वे मिळाली ती या शतकात, मार्ग रुंद झाल्यावर. मधल्या काळात माल आणि माणसे बैलगाडीने नाहीतर मोटारीने हलली. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्या घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. मुंबईत जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले ट्रक बाजारात आले, पाठोपाठ कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो आले.

या गाड्यांच्या रेडिएटरची रचना समजायला सोपी आहे. वर एक पितळी टाकी, खाली दुसरी, मध्ये बारीक नळ्या आणि नळ्यांना चिकटलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या. इंजिनातले तापलेले पाणी नळ्यांतून उतरते आणि वाऱ्याने थंड होते. सगळे सांधे कथील आणि शिशाच्या डाखाने जोडलेले असतात. हा डाख दोनशे-अडीचशे अंशांच्या आत-बाहेर वितळतो, पितळेला मात्र नऊशेच्या आसपास अंश लागतात. म्हणून सांधा उघडता येतो, आतली घाण काढता येते, पुन्हा बंद करता येतो, आणि मूळ धातू तसाच राहतो.

घाण आमच्याकडे भरपूर. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर वाढल्या. बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत दगडासारखे बसतात. मग बालाघाटचा चढ लागला की गाडी वाफ सोडते.

दुरुस्तीला बसणारा आधी रेडिएटरची तोंडे बुचांनी बंद करतो, ते हौदात बुडवतो आणि हवा भरतो. बुडबुडे निघाले तिथे भोक. मग ब्लो लॅम्पने वरच्या टाकीचा सांधा चहूबाजूंनी सारखा तापवून टाकी उचलायची. इथे ज्योत एका जागी थांबली तर शेजारच्या नळ्यांचाही डाख सुटतो आणि एका भोकाची दहा होतात. नळ्यांतून पातळ सळई फिरवून क्षार काढायचे. मिठाच्या तेजाबात जस्ताचे तुकडे टाकून ते उकळणे थांबले की जे पाणी उरते ते सांध्याला लावायचे, कारण धातूवरचा मळ गेल्याशिवाय डाख धरत नाही. फारच कुजलेली नळी दोन्ही टोकांना बंद करून टाकतात. तशा पुष्कळ झाल्या तर मधला सगळा गाभा नवा घालावा लागतो, पण टाक्या जुन्याच ठेवता येतात.

हे काम पाहताना कलईवाला आठवल्याशिवाय राहत नाही. तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि त्यावर कथील कापसाच्या बोळ्याने फिरायचे. इथेही तेच कथील, तोच नवसागर, तोच विस्तवाचा अंदाज. स्टीलची भांडी आली आणि कलई संपत गेली. कलई करणाऱ्या घरांतली मुले पत्र्याच्या आणि रेडिएटरच्या कामाकडे वळली, यात नवल ते काय?

मी उर्दू शाळेत शिकवतो, त्यामुळे कान शब्दांकडे जातो. कलई अरबी. तेजाब फारसी, म्हणजे तीक्ष्ण पाणी. फारसीतले नौशादर मराठीत येऊन नवसागर झाले! हा पदार्थ जाबिर इब्न हय्यानच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. अल-राझीने तर त्याला पारा, गंधक आणि हरताळ यांच्यासोबत ‘रूह’ म्हटले, कारण तापवले की ते उडून जातात. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल तर्जुमा निघाले आणि तिथल्या विद्वानांनी शास्त्राची परिभाषा घडवली. गॅरेजातला उस्ताद मात्र कोणासाठी थांबला नाही. त्याची परिभाषा तयारच होती.

१९४८ च्या पोलिस कारवाईनंतर सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घेतले आहे. त्या काळात अनेक मुसलमान घरांची सरकारी नोकरी गेली, जमीनही गेली. हातातला हुन्नर मात्र कोणाला जप्त करता आला नाही. आपण त्या वर्षाबद्दल बोलतो तेव्हा मेलेल्यांबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. मागे उरलेल्यांनी चूल कशी पेटती ठेवली, हेही लिहायला हवे.

आता नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. ॲल्युमिनियमवर साधा डाख बसत नाही, त्यामुळे अख्खे रेडिएटर बदलतात. शिशाच्या आणि तेजाबाच्या धुरात उभे आयुष्य काढलेला बाप मुलाला या धंद्यात घालत नाही, त्याला दोष तरी कसा द्यावा? दुसरीकडे जुन्या गाड्यांना मान मिळू लागला आहे. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावे अशी त्यांत अट आहे. रेडिएटरचा उल्लेख नाही, आणि पितळ-तांब्याला भंगारात किलोवर भाव मिळतो. त्यामुळे गाडीचा मालक हौसेने रंग देतो, आणि मूळ रेडिएटर मात्र तराजूवर जाते.

ज्यांच्याकडे अशी पिकअप असेल त्यांनी रेडिएटर विकण्याआधी ते एखाद्या म्हाताऱ्या उस्तादाला दाखवावे. त्याच्या तोंडून अवजारांची नावेही लिहून घ्यावीत. दुरुस्तीनंतर जास्त दाबाचे नवे झाकण बसवू नये. जुने सांधे त्या दाबासाठी केलेले नसतात. आणि पाणी भरायचे ते बोअरचे नको, पावसाचे गाळून ठेवलेले असावे.